रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि आपली तरुण मंडळी

दिवाळी झाली म्हणजे दिघोरीच्या आसपास मंडई भरतात, दंडारी व नाटके होतात, आणि आपली मुले तिकडे धावतात. त्यांस केवळ मनाई करून भागेल काय? रेव्हरंड टिळकांचे चरित्र आम्हांस निराळा मार्ग दाखविते.

टिळक सन १८६१ त रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मले. नागपुराहून राजनांदगावास, आपल्याच भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या आगगाडीने, जात असता एका गोऱ्या प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. तो वाचून ते प्रभूचे झाले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी मंडळ्यांत परकी चालींची गीते पुष्कळ असत. टिळकांनी ख्रिस्ताची थोरवी अभंगांत व पदांत गायिली, कीर्तनांत सांगितली. तेव्हा ती घरची वाटू लागली.

सन १९०७ त जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा त्यांस भेटला. पुढे त्यांनी त्यास अहमदनगरास आपल्या घरी पुत्रवत वागविले. तोच बालकवी. तो हिंदूच राहिला. तरी टिळकांची माया आटली नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूजवळ गेले.

उपदेशक बंधूंनो, मुलांच्या हाती टाळ व खंजिरी द्या. उधळ्या पुत्राची कथा त्यांस आपल्या बोलीत, आपल्या चालीवर गाऊ द्या. आणि जो अद्याप विश्वासात आला नाही, त्याच्यासाठीही दार उघडे ठेवा. त्या कथेतील बापाने तेच केले.