मिडल-अर्थचा निर्माता : जे. आर. आर. टॉल्किन

मीरा-भाईंदरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मूल वहीवर ‘वेन्सडे’ किंवा ‘थर्सडे’ असा वार लिहिते, तेव्हा त्याच्या नकळत ते उत्तर युरोपातील दोन प्राचीन देवांची नावे गिरवीत असते. पहिल्या वारामागे ओडिन उभा आहे, दुसऱ्यामागे थॉर. इ. स. १००० च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि हे देव पूजेतून हद्दपार झाले. पुढे तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या एड्डा आणि सागा या ग्रंथांत ते उरले. या अवशेषांवर विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने भूगोल, इतिहास, भाषा, लिप्या आणि पंचांगासह एक अखंड जग रचले. त्यांचे नाव जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन.

नॉर्स पुराणांतील विश्वरचना मराठी वाचकाला फारशी परकी वाटणार नाही. आपल्या चौदा भुवनांसारखे तेथे नऊ लोक आहेत. अश्वत्थाची आठवण करून देणारा इग्द्रासिल हा विश्ववृक्ष आहे, मानवभूमी मिडगार्डला विळखा घालणारा महासर्प आहे आणि ‘रॅग्नारोक’ नावाचा प्रलयही आहे. मात्र या प्रलययुद्धात प्रमुख देवच मारले जाणार आहेत, आणि हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे. तरीही ते लढायला उभे राहतात. पराभव निश्चित असतानाही न ढळणाऱ्या या धैर्याने टॉल्किन यांना आयुष्यभर झपाटले.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आलेली असतानाच १८९६ मध्ये वडिलांचे तिकडे निधन झाले. मेबल यांनी कॅथलिक पंथ स्वीकारल्यावर नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ मध्ये मधुमेहाने त्यांचा अंत झाला. इन्शुलिनचा शोध अद्याप लागायचा होता. बारा वर्षांच्या पोरक्या मुलाचे पालकत्व फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी स्वीकारले. बर्मिंगहॅमच्या शाळेत असतानाच या मुलाला प्राचीन भाषांचे वेड लागले. सिगर्डने फाफ्निर या ड्रॅगनला मारल्याची कथा त्याने बालपणीच वाचली होती. आता तो ती मूळ भाषेत वाचण्याची खटपट करू लागला. याच वयात स्वतःच्या भाषा रचण्याचा छंदही त्याला जडला.

शाळेतील चार मित्रांचे एक मंडळ होते. साहित्यातून काही मोलाचे घडवायचे, अशी त्यांची उमेद होती. पहिल्या महायुद्धाने ती उधळली. मार्च १९१६ मध्ये एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह करून टॉल्किन जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १ जुलै रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, रॉब गिल्सन मारला गेला. डिसेंबरमध्ये जेफ्री स्मिथ गेला. खंदकज्वराने आजारी पडलेले टॉल्किन तोवर इंग्लंडला परतले होते. चौघांपैकी दोघेच उरले. आजारपणाच्या या काळातच त्यांनी आपल्या कल्पित जगाच्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या. पुराणांत वाचलेले धैर्य त्यांनी आता चिखलाने भरलेल्या खंदकांत सामान्य सैनिकांच्या अंगी पाहिले होते. त्यांच्या कथांत जगाचा भार पराक्रमी राजांऐवजी बुटक्या, घरकोंबड्या हॉबिटांच्या खांद्यावर येतो, याचे मूळ येथे शोधता येते.

लीड्स विद्यापीठात काही वर्षे शिकवून १९२५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी आइसलँडिक सागा मुळातून वाचणारे एक मंडळ सुरू केले, सी. एस. लुईसही त्यात सामील झाले. १९३७ मध्ये ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले. त्यातील थोरिन, ड्वालिन, बोंबुर ही बुटक्यांची नावे, इतकेच काय गँडाल्फ हे नावही, एड्डामधील एका प्राचीन नामावळीतून आलेले आहे. ‘मिडल-अर्थ’ हा शब्द मिडगार्डचाच सहोदर. रुंद टोपी घालून काठी टेकत भटकणाऱ्या गँडाल्फमध्ये ओडिनची छाया दिसते, तर शापित अंगठी व्होल्सुंग सागाची आठवण देते.

हा वारसा त्याच सुमारास जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराला जुंपला जात होता. १९३८ मध्ये ‘द हॉबिट’च्या अनुवादासाठी एका जर्मन प्रकाशकाने टॉल्किन आर्य वंशाचे आहेत काय, अशी विचारणा केली. ते संतापले. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे लिहिले आणि निवड आपल्या प्रकाशकावर सोपवली. उपलब्ध मसुद्यात त्यांनी आर्य या शब्दाचा भाषाशास्त्रीय अर्थ सुनावला आणि ज्यूंसारख्या गुणी लोकांत आपले पूर्वज नाहीत याची खंत नोंदवली. ते जर्मन भाषांतर निघाले ते थेट १९५७ मध्ये. ज्या उत्तरेच्या वारशावर आपले प्रेम आहे तो हिटलरने नासवला, हा त्यांचा खासगी सल होता.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आले. त्यामागे अनेक वर्षांचे कष्ट होते. १९४४ मध्ये त्यांच्या ध्यानात आले, की एकाच वेळी कथेच्या एका भागात चंद्र उगवतो आहे आणि दुसऱ्या भागात मावळतो आहे. मग त्यांनी चंद्राच्या कला जुळवीत मागील प्रकरणांचे काही भाग पुन्हा लिहिले.

याच काटेकोरपणाने अखेर त्यांना अडविले. त्यांच्या मूळ कथेत पृथ्वी सपाट होती आणि एका महाप्रलयानंतर ती गोल झाली. सूर्य-चंद्र हे दोन दिव्य वृक्षांची अखेरची फळे-फुले होती. उतारवयात त्यांना वाटू लागले, की विज्ञान जाणणाऱ्या वाचकाला हे पटणार नाही. पृथ्वी पहिल्यापासून गोलच ठेवावी, तर जुन्या कथांचा प्राण जात होता. पुराण आणि खगोलशास्त्र यांचा हा तंटा त्यांच्या हातून मिटला नाही. २ सप्टेंबर १९७३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘सिल्मरिलियन’ अपुरेच होते. पुत्र ख्रिस्तोफर यांनी ते संपादित करून १९७७ मध्ये प्रसिद्ध केले.

पृथ्वीवर न मिटलेल्या त्या तंट्याला आकाशात मात्र अनपेक्षित तोड निघाली. शनीच्या अनेक लहान चंद्रांना आज यमीर, फेन्रिर अशी नॉर्स पुराणांतील नावे आहेत. आणि शनीचाच सर्वांत मोठा चंद्र जो टायटन, त्यावरील पर्वतांना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मिडल-अर्थच्या पर्वतांची नावे दिली आहेत. सुमारे ३३०० मीटर उंचीचे तेथील सर्वोच्च शिखर मिथ्रिम या पर्वतराजीत आहे.