हातात शस्त्र, मनात संयम : अमरावतीच्या आखाड्यातले राजगुरू

अमरावती : हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे नाव घेतले की खेड, लाहोर आणि २३ मार्च १९३१ ही तारीख आठवते. मात्र त्यांच्या जडणघडणीत अमरावतीच्या एका आखाड्याचाही वाटा होता, याची आठवण वऱ्हाडातही फारशी निघत नाही. त्यांच्या अवघ्या २२ वर्षांच्या आयुष्याकडे आखाड्याच्या बाजूने पाहिले, तर एका उतावीळ मुलाचा संयमी माणूस कसा झाला, हे उमगते.

राजगुरूंचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी पुणे जिल्ह्यातील खेड येथे झाला. सहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. पुढे शिक्षणासाठी ते थोरले बंधू दिनकर यांच्याकडे पुण्यास राहिले. अभ्यासावरून बंधूंनी रागावताच त्यांनी घर सोडले आणि मजल दरमजल करीत काशी गाठली. तेथे संस्कृतचे अध्ययन सुरू झाले. पण पोथीइतकीच ओढ तालमीची होती. त्याच ओढीने ते अमरावतीस आले.

अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत आखाडा सुरू केला होता. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर नावारूपास आला. १९२४ पासून तेथे उन्हाळी प्रशिक्षण वर्ग भरू लागले. कुस्ती आणि मल्लखांबाबरोबर लाठी, दांडपट्टा, तलवार, भाला, जंबिया यांचे शिक्षण तेथे मिळे. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. येथे शिकलेली विद्या राजगुरूंनी काशीत इतरांना शिकवली. तेथील शाळेत ते व्यायामशिक्षक होते.

शस्त्रविद्या केवळ हाताची नसते. पट्टा फिरवणाऱ्याला आधी पवित्रा शिकावा लागतो, वार करण्याआधी वार अडवावा लागतो आणि समोरच्याने डिवचले तरी वेळ येईपर्यंत थांबावे लागते. जपानी तलवारबाजीचीही हीच शिकवण आहे. तिच्या आजच्या रूपाला केंडो, म्हणजे तलवारीचा मार्ग, असे नाव आहे. सतराव्या शतकातील विख्यात तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी तारुण्यात द्वंद्वांमागून द्वंद्वे लढला. आयुष्याच्या अखेरीस मात्र एका गुहेत बसून त्याने आपल्या विद्येचे सार ग्रंथबद्ध केले. धाडस लवकर साधते, संयमाला वेळ लागतो, हाच दोन्हीकडचा अनुभव.

राजगुरूंपाशी धाडस उदंड होते. पोलिसांचा छळ आपल्याला सोसवेल का, हे अजमावण्यासाठी त्यांनी तापलेला चिमटा स्वतःच्या छातीला लावून पाहिला होता, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवली आहे. प्रत्येक धोक्याच्या कामात आपणच पुढे असावे, हा त्यांचा हट्ट असे. लाठीमारानंतर लाला लजपतराय यांचे १७ नोव्हेंबर १९२८ रोजी निधन झाले. बरोबर महिन्याने, १७ डिसेंबरला, लाहोरमध्ये पहिली गोळी राजगुरूंनी झाडली. नेम अचूक होता. पण लक्ष्य ठरलेला अधिकारी स्कॉट नव्हता, तो साँडर्स होता. इशारा देणाऱ्या साथीदाराची ओळखण्यात चूक झाली होती.

त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या संयमाची परीक्षा झाली. भगतसिंग साहेबाच्या वेषात आणि दुर्गाभाभी त्यांच्या पत्नी म्हणून लाहोर स्थानकावर आले. सोबत सामान वाहणारा नोकर होता, तो म्हणजे राजगुरू. पोलिसांचा पहारा असताना मान खाली घालून चालणे त्या मानी तरुणाला सोपे गेले नसेल; पण त्यांनी ते निभावले. पुढील काळात नागपूर, अमरावती, अकोला या परिसरात त्यांचे भूमिगत वास्तव्य होते. ज्या शहरात लाठी फिरवली, तेथेच आता चेहरा लपवून वावरायचे होते.

अखेर ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यात त्यांना अटक झाली. लाहोरच्या तुरुंगात हातात कोणतेही शस्त्र नव्हते. राजकीय कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी यासाठी त्यांनी सहकाऱ्यांसह उपोषण केले. बळजबरीने अन्न घालण्याचे हाल सोसले, पण निर्धार ढळू दिला नाही. क्षणात झेप घेणारा तरुण आता दिवसेंदिवस शांतपणे झुंजत होता. ७ ऑक्टोबर १९३० रोजी फाशीची शिक्षा जाहीर झाली आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्यासह ते फासावर चढले.

खेडचे आता राजगुरुनगर झाले आहे. अमरावतीचे व्यायाम मंडळ शतक ओलांडून उभे आहे. काळ बदलला, आजच्या तरुणांना तलवारीने लढायचे नाही. तरीही पवित्रा न सोडणे, राग आवरणे आणि अंगावर आलेले सोसून पुन्हा उभे राहणे ही आखाड्याची शिकवण जुनी झालेली नाही. तालमीत शरीर कमावता येते. त्या शरीराला सांभाळणारे मन कसे कमवावे, हे राजगुरूंच्या आयुष्याने दाखवून दिले.