दलितमित्र कै. सुरबानाना टिपणीस

प्रतिवर्षी स्मरणिकेत एखाद्या थोर ज्ञातिपुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीला अशा पुरुषांची वाण कधीच पडली नाही. रोह्याचे नाव अर्थशास्त्राच्या जगात नेणारे चिंतामणराव देशमुख आणि पनवेलला जन्मलेले प्रबोधनकार ठाकरे यांची चरित्रे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक आहेत. यंदा मात्र ज्या पुरुषाचे स्मरण आम्ही करीत आहोत, त्याचे नाव महाडबाहेर, आणि विशेषतः आपल्या पेण-रोह्याकडे, जितक्या वेळा निघावयास हवे तितके निघत नाही. त्याने ज्ञातीसाठी वसतिगृह बांधले म्हणून किंवा निधी उभारला म्हणून आम्ही त्याची आठवण करीत नाही. ज्ञातीच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकून ज्याने ज्ञातीची लाज राखली, असा हा पुरुष होता. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे त्यांचे नाव. महाड त्यांना सुरबानाना म्हणून ओळखी. पुढे दलितमित्र हे बिरुद त्यांच्या नावास कायमचे जोडले गेले.

नानांचे मोठेपण ध्यानी येण्यासाठी त्या काळचे महाड प्रथम डोळ्यांपुढे आणिले पाहिजे. सावित्रीच्या काठी, रायगडाच्या छायेत वसलेली ही जुनी व्यापारी पेठ. बाजारासाठी आणि कचेरीच्या कामासाठी आसपासच्या खेड्यांतून शेकडो माणसे तेथे येत. गावाच्या मध्यभागी चवदार तळे होते. अन्य धर्मीयांना तेथे मज्जाव नव्हता, गुरांनाही नव्हता. परंतु हिंदू म्हणविणाऱ्या अस्पृश्यांना मात्र त्या पाण्यास हात लावण्याची सोय नव्हती. दिवसभर उन्हातान्हात राबलेल्या माणसाने तहान घेऊनच घरची वाट धरावयाची, हा तेथील शिरस्ता होता. आपल्या पेणेत किंवा रोह्यात त्या वेळी याहून निराळे चित्र होते, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले अथवा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. ठराव झाला, परंतु तळ्याच्या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या. स्पृश्यांच्या विरोधापुढे कोणीही अस्पृश्य घागर घेऊन तेथे उतरू शकला नाही. १९२६ च्या ऑगस्टमध्ये बोल्यांनी कौन्सिलात पुन्हा प्रश्न उचलला आणि जी नगरपालिका हा ठराव अमलात आणणार नाही तिचे अनुदान रोखावे, असे सुचविले. म्हणजे तोंडाने हो म्हणावयाचे आणि हाताने काहीच करावयाचे नाही, ही व्याधी एकट्या महाडची नव्हती.

येथे सुरबानानांचे स्थान येते. नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या काळी अशा पदावरील गृहस्थाने शासनाच्या पत्राला उत्तर धाडावे, ठरावाची प्रत दप्तरी लावावी आणि गावाशी गोडीने राहावे, हीच रीत होती. तसे करते तर नानांस कोणी नावे ठेविली नसती. त्यांनी नगरपालिकेच्या सार्वजनिक जागा अस्पृश्यांस मोकळ्या असल्याचे जाहीर केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेस महाडात बोलावणे देणाऱ्यांमध्ये ते उभे राहिले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या परिषदेमागची मूळ शक्ती अस्पृश्य समाजाची स्वतःची होती. दासगाव भागातील रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी खेडोपाडी फिरून माणसे जागी केली होती. सुरबानाना, आपल्याच ज्ञातीचे अनंत विनायक चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे त्यांचे साथीदार होते. साथीदाराला धन्याचे श्रेय देणे हा दोघांवरही अन्याय होय. तो आम्हांस करावयाचा नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे भरली. हजारो माणसे आली. त्यांना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले; भरलेले तळे काही पावलांवर होते! दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्र्यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली. बाबासाहेबांच्या मागोमाग मिरवणूक शिस्तीने चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. नगरपालिकेचा तीन वर्षांचा कागद त्या दिवशी प्रथम ओला झाला. पुढे काय घडले ते महाराष्ट्र जाणतो. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार, अशी हूल उठली; परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या; आणि तळे बाटले म्हणून १०८ घागरींनी त्याची शुद्धी करण्यात आली.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. बहुमताने दिलेला हक्क बहुमताने काढूनही घेता येतो, हा कटू धडा त्या दिवसाने दिला. डिसेंबरात सत्याग्रहासाठी लोक पुन्हा निघाले, तेव्हा आपल्या धरमतरचा नेहमीचा मार्ग त्यांना टाळावा लागला. तेथील मोटारी आयत्या वेळी मिळणार नाहीत, ही धास्ती होती. म्हणून आगबोटीने हरिहरेश्वर व तेथून दासगाव असा वळसा घेऊन, दासगावाहून पाच मैल पायी चालण्याची तयारी त्यांनी ठेविली. परिषदेस जागा हिंदूंकडून मिळेना; ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. तळ्यावर जाण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखला आणि लढा कायद्याच्या मार्गाने पुढे नेला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने १९३३ साली आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. मज्जावाची वहिवाट अनादिकालापासून चालत आली आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही.

नानांची परीक्षा तळ्यापाशी संपली नाही. पाण्याच्या प्रश्नामागे जमिनीचा प्रश्न होता, आणि तेथे तो आपल्या घरांच्या ओसरीपर्यंत येत होता. कोकणात खोत व वतनदार म्हणून मान मिरविणाऱ्यांत आपल्या ज्ञातीची घराणी होती, हे लपवून काय उपयोग? २५ डिसेंबर १९३० रोजी पेण तालुक्यात शेतकऱ्यांची परिषद भरली, तीत नारायण नागू पाटील यांच्या जोडीने अनंतराव चित्रे अग्रभागी होते. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षातर्फे चित्रे रत्नागिरीतून आणि सुरबानाना कुलाबा जिल्ह्यातून मुंबईच्या विधानसभेत गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडिले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपली. ज्या पक्षाने आपल्यापैकी अनेकांच्या उत्पन्नावर बोट ठेविले, त्या पक्षाच्या बाकावर आपला माणूस बसला होता. स्वकीयांचा रोष पत्करून न्यायाची बाजू घेणे हे सभेत टाळ्या मिळविण्याइतके सोपे नसते.

असा माणूस आपल्यात कसा निपजला, याचे उत्तर आमच्या मते आपल्याच इतिहासात आहे. पेशवाईत आपल्या ज्ञातीवर ग्रामण्ये झाली. वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, याचा निवाडा दुसरे करू लागले. प्रबोधनकारांनी १९१९ साली त्या ग्रामण्यांचा साद्यंत इतिहास ग्रंथरूपाने मांडिला आणि तो आपण अभिमानाने जपला. परंतु आपला अधिकार नाकारला गेला या आठवणीतून दोन वाटा फुटतात. एक वाट केवळ आपल्याच अधिकारापुरती जाते. दुसरी वाट ज्याचा ज्याचा अधिकार नाकारला गेला, त्याच्या दारापर्यंत जाते. सुरबानानांनी दुसरी वाट धरिली.

भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई आहे. ते शब्द वाचिताना आम्हांस चवदार तळ्याच्या पायऱ्या दिसतात. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली त्यासाठी कायदा आला, १९९३ च्या कायद्याने मानवी हक्कांच्या रक्षणासाठी आयोगांची तजवीज केली. तरीही महाडचा धडा उरतोच. ठराव करणे एक, आणि तो पायऱ्यांपर्यंत पोहोचला की नाही हे पाहणारी माणसे नेमणे दुसरे. १९२८ साली मुंबई सरकारने दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यास स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमिली. तीत बाबासाहेब व ठक्करबाप्पा होते, आणि १९३० साली तिने अहवाल दिला. प्रांतासाठी जे आवश्यक वाटले, ते नगरासाठी का नसावे?

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. पेण आणि रोहा येथील नगरपरिषदांपाशी समता व मानवी हक्क यांविषयी एक सल्लागार समिती असावी. तीत स्वच्छता कामगार असावेत, डोंगरवाडीवरच्या कातकरी व ठाकर भगिनी असाव्यात, अपंग असावेत, अल्पसंख्य असावेत, आणि आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे लोक त्यांच्या शेजारी बसून ऐकणारे असावेत. नळ कोणत्या आळीत पोहोचला नाही, कोणत्या दारी माणूस ताटकळत उभा राहतो, भाड्याने घर देताना कोणते आडनाव ऐकून नकार मिळतो, हे तिने वर्षातून ठरलेल्या वेळी नगरपरिषदेपुढे लेखी मांडावे. तिला अधिकार थोडा असेल. परंतु ठराव कागदावर निजून राहिला तर त्याला हाक मारण्याचे काम ती करील. ही मागणी ज्ञातिसंस्थांनी पुढे होऊन करावी, कारण आजवर नकार देणाऱ्या दारांत पुष्कळदा आपणच उभे होतो.

१९४० च्या मार्चमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडास आले, तेव्हा ज्या नगरपालिकेने ठराव फिरविला होता तिनेच त्यांना मानपत्र अर्पण केले. गावे बदलतात. परंतु ती आपोआप बदलत नाहीत. कोणीतरी आधी स्वकीयांत एकटे पडावे लागते. सुरबानानांनी ते एकटेपण पत्करिले. आपल्या घरांतील तरुण मंडळींनी हे चरित्र वाचून केवळ ज्ञातीचा अभिमान वाहिला, तर आमचा हेतू अर्धाच साधला असे आम्ही समजू. उरलेला अर्धा हेतू त्यांच्या गावच्या पाणवठ्यापाशी साधावयाचा आहे. कै. नानांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.