पपनसाचं सरबत आणि बडोद्याची गादी

बडोद्याचे गायकवाड म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, सयाजीराव महाराज. बाबासाहेबांना १९१३ साली परदेशात शिकायला शिष्यवृत्ती देणारे ते हेच. पुढे १९५४ मध्ये बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले होते, त्यामुळे इकडे सयाजीरावांचं नाव नवीन नाही. पण सयाजीरावांना गादी मिळाली कशी? त्यांच्या आधी तिथे कोण बसत होतं आणि तो माणूस गेला कुठे? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आमच्या हिस्टरीच्या पुस्तकात त्याच्यावर अर्धी ओळसुद्धा नव्हती. मला तो सापडला केमिस्ट्रीच्या वाटेने, आर्सेनिकबद्दल वाचताना. म्हणून या अंकासाठी त्याचंच चरित्र लिहायचं ठरवलं. त्याचं नाव मल्हारराव गायकवाड.

मल्हाररावांचा जन्म १८३१ चा. वडील दुसरे सयाजीराव, थोरले भाऊ गणपतराव आणि खंडेराव. गणपतराव १८५६ मध्ये वारले आणि खंडेराव गादीवर आले. धाकट्या भावाचं आणि त्यांचं काही पटलं नाही. मल्हाररावांनी आपल्याला मारण्याचा कट केला असा संशय घेऊन खंडेरावांनी १८६३ मध्ये त्यांना पाद्र्याला कैदेत टाकलं. त्या कटाच्या गोष्टीत विषाचाही उल्लेख येतो. म्हणजे विषाचा आळ या माणसाच्या नावाला फार आधीपासून चिकटलेला होता, हे लक्षात ठेवा. पुढे ते महागात पडणार आहे.

सात वर्षं कैदेत गेली. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव अचानक वारले आणि पाद्र्याचा कैदी थेट महाराज झाला. पण एक अडचण होती. खंडेरावांची राणी जमनाबाई गरोदर होती. मुलगा झाला असता तर गादी त्याची. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली आणि मल्हाररावांच्या जिवात जीव आला. जमनाबाई मात्र इतक्या घाबरलेल्या होत्या की बाळंतपणासाठी त्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीत राहिल्या आणि नंतर पुण्याला निघून गेल्या.

आता राज्य कसं केलं? खरं सांगायचं तर वाईट केलं. भावाच्या माणसांवर सूड उगवला. खंडेरावांचा विश्वासू भाऊ शिंदे तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, आणि गावभर पुन्हा विषाचीच कुजबुज. सावकार लुबाडले, शेतकऱ्यांवर कराचा बोजा वाढला. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, तर यांनी सोन्याच्या ओतून घेतल्या. (सोन्याची तोफ! मेटॅलर्जीच्या सरांनी कपाळावर हात मारून घेतला असता.) सात वर्षं अंधारात काढलेल्या माणसाच्या हातात एकदम खजिन्याची किल्ली आली की काय होतं ते इथे दिसतं. मला त्यांची कीव येते, पण बडोद्याच्या रयतेची जास्त येते.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून बडोद्याला आले. रेसिडेंट म्हणजे संस्थानात बसवलेला इंग्रज सरकारचा माणूस. हे साहेब कडक, हट्टी, आणि महाराजांच्या विरुद्ध जो कोणी तक्रार घेऊन येईल त्याला दार उघडं. त्यांच्या रिपोर्टांवरून कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मग व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना ताकीद दिली की ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा. मल्हाररावांनी दिवाण म्हणून कोणाला आणलं माहीत आहे? दादाभाई नौरोजींना. हो, तेच दादाभाई. पण फेअर साहेबांचं दादाभाईंशीही जमलं नाही.

त्यातच लक्ष्मीबाईंचं प्रकरण. महाराजांनी मे १८७४ मध्ये त्यांच्याशी लग्न केलं आणि ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. महिने मोजायला इंजिनिअरिंगची गरज नाही. रेसिडेंट हे लग्न मानेनात. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवला की हा रेसिडेंट बदलून द्या.

आणि बरोबर सात दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, ते सरबत.

फेअर साहेब रोज सकाळी फिरून आले की पपनसाचं सरबत पीत. त्या दिवशी दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही, उरलेलं व्हरांड्यातून बाहेर ओतून दिलं. थोड्या वेळाने मळमळू लागलं. पेला खाली ठेवताना तळाशी गाळ दिसला. साहेबांनी तो गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांच्याकडे दिला. त्यांना त्यात सोमल सापडला, म्हणजे व्हाइट आर्सेनिक. नंतर मुंबईचे सरकारी रसायन-परीक्षक डॉक्टर ग्रे यांनीही तेच सांगितलं, शिवाय काही चमकणारे बारीक कण होते, काचेचे किंवा हिऱ्याचे.

इथे जरा थांबू या, कारण हा आपला प्रांत आहे. आर्सेनिक पीरियॉडिक टेबलमध्ये ३३ नंबरला, फॉस्फरसच्या खाली. शुद्ध धातू नव्हे, मेटलॉइड, पण विषाच्या यादीत त्याला शिसं आणि पारा यांच्याच पंगतीत बसवतात. सोमल म्हणजे त्याचं ऑक्साइड, पांढरी पूड, वास नाही, चव जवळजवळ नाही. शरीरात गेल्यावर ते एन्झाइममधल्या गंधकाला चिकटतं आणि पेशींचं इंधन जाळण्याचं काम बंद पडतं. साधारण १०० ते २०० मिलिग्रॅम माणसाला पुरे. उलट्या, जुलाब, पायात गोळे, सगळं पटकीसारखं. पटकीच्या साथी नेहमीच्याच, मग संशय कोण घेणार? म्हणून जुन्या काळी वारसांचं हे लाडकं विष होतं. १८३६ मध्ये जेम्स मार्श यांनी टेस्ट काढली तेव्हा ही सोय संपली. झिंक आणि ॲसिड घालायचं, आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होतो, तो काचेच्या तापवलेल्या नळीतून सोडला की आत काळा चकचकीत आरसा धरतो.

पण सोमलात एक खोट आहे, आणि माझ्या मते सगळी केस तिच्यावर उभी आहे. ते थंड पाण्यात फार हळू विरघळतं, आणि पाण्याच्या जवळजवळ पावणेचार पट जड असतं. म्हणजे सरबतात टाकलं की तळाशी बसणार. फेअर साहेब वाचले ते या डेन्सिटीमुळे. ज्याने कोणी टाकलं त्याला हे माहीत नव्हतं. हिऱ्याच्या पुडीचं तर विचारूच नका. हिरकणी गिळली की माणूस मरतो हे आपण आजीच्या गोष्टींत ऐकलेलं, पण हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पोटात तो कशाशी काही करत नाही.

तिसरी गोष्ट तांब्याची. घटनेनंतर फेअर साहेबांना कोणीतरी गुपचूप खबर दिली की विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं असं तिन्ही होतं. आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला तांब्याची गोष्ट सांगायला नको. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवलं की काय होतं ते इथली प्रत्येक आई जाणते. डॉक्टरांनी सांगितला तो सोमल आणि ते चमकणारे कण. मग ज्याने खबर दिली त्याला तिन्ही नावं कुठून कळली? मी तरी इथे लाल पेनने गोल केला असता.

नॉर्थब्रुक यांनी फेअर साहेबांना हलवलं आणि सर लुइस पेली यांना पाठवलं. तपासाला मुंबईचे पोलिस कमिशनर फ्रँक सूटर. डिसेंबरमध्ये रेसिडेन्सीचा हवालदार रावजी फुटला. माफीच्या आश्वासनावर त्याने कबूल केलं की पूड आपणच सरबतात टाकली, पैसे महाराजांचे. त्यानंतर त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. बचावाचं म्हणणं, ती पोलिसांनीच ठेवली. जमादार नरसू यानेही कबुली दिली, आणि मग रेसिडेन्सीच्या विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढलं. महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांची साक्ष सगळ्यात मोठी. सोमल घोड्याच्या औषधाच्या नावाखाली मागवला, हिरे हेमचंद जवाहिऱ्याकडून आणले, आणि हिशेबाच्या वहीतल्या नोंदींवर शाई सांडून त्या झाकल्या, असं त्यांनी सांगितलं. पण हेमचंद साक्षीला उभा राहिला तेव्हा उलटला. पोलिसांनी जबरदस्तीने लिहून घेतलं, असं त्याचं म्हणणं.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. फेब्रुवारीत बडोद्यात कमिशन बसलं. सहा जण. तीन इंग्रज: बंगालचे चीफ जस्टिस सर रिचर्ड काउच, आपले ओळखीचे मीड, आणि फिलिप मेलव्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. एका राजावर खटला चालतोय आणि न्यायाला दोन राजे बसलेत, असं आधी कधी ऐकलं होतं? बचावाला थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. पुण्यात सार्वजनिक सभेने महाराजांच्या बाजूने आवाज उठवला. गंमत बघा, ज्या राजाला त्याची रयत कंटाळली होती, त्याच्यासाठी पुण्याची मंडळी धावली. कारण प्रश्न एकट्या मल्हाररावांचा राहिला नव्हता. चार नोकरांच्या जबानीवर कोणाही राजाला उचलता येतं का, असा झाला होता.

निकाल? तीन विरुद्ध तीन. तिन्ही इंग्रज म्हणाले, दोषी. शिंदे आणि दिनकरराव म्हणाले, सिद्ध झालेलं नाही. जयपूरकर म्हणाले, निर्दोष. कोर्टात असा निकाल लागला असता तर आरोपी घरी गेला असता.

मल्हारराव घरी गेले नाहीत. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केलं आणि कारण दिलं गैरकारभाराचं. विषाचं नाव बाजूला ठेवलं. मला हे पटत नाही. गैरकारभारच कारण होतं तर सुधारायला दिलेली मुदत डिसेंबरपर्यंत होती, अजून आठ महिने शिल्लक. आणि विष कारण होतं तर ते सिद्ध झालं नव्हतं. परीक्षेत एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं तर आपल्याला शून्य मिळतं.

मग त्यांनी विष दिलं होतं की नाही? हॉस्टेलमध्ये यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झालाय. माझी रूममेट म्हणते दिलंच असणार, पूर्वेतिहास बघ. माझं मत वेगळं आहे. खलिता पाठवून एक आठवडा झालेला, उत्तराची वाट बघणारा माणूस असा धोका का घेईल? पण दामोदरपंत आणि ती शाई सांडलेली वही मला पूर्ण सुटत नाही, हेही तितकंच खरं. नेपोलियनचंही असंच. त्याच्या केसांत १९६१ मध्ये भरपूर आर्सेनिक सापडलं आणि खून खून म्हणून गाजलं. पुढे कळलं की त्याच्या लहानपणच्या केसांतही तेवढंच होतं. लॅब फक्त सांगते की पेल्यात काय आहे. पेल्यात कोणी टाकलं हे तिला विचारून उपयोग नाही.

जमनाबाई पुण्याहून परत आल्या. त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ ला दत्तक घेतला आणि तो सयाजीराव म्हणून गादीवर बसला. कारभाराला सर टी. माधवराव आले. त्याच वर्षी नारायण बापूजी कानिटकरांनी मल्हाररावांवर मराठीत नाटकही लिहिलं. फेअर साहेब पुढे अफगाण युद्धात गेले, जनरल झाले आणि १८९७ पर्यंत जगले. ते दोन-तीन घोट त्यांना काही बाधले नाहीत.

मल्हाररावांना मद्रासला नेऊन ठेवलं. पाद्र्याची सात वर्षं कैद, गादीची जेमतेम साडेचार वर्षं, आणि मग पुन्हा सात वर्षं मद्रासची नजरकैद. तिथेच १८८२ मध्ये ते वारले. तेव्हा बडोद्यात सयाजीराव एकोणीस वर्षांचे झाले होते आणि त्यांनी नुकताच राज्यकारभार स्वतःच्या हातात घेतला होता.