वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर, मृत्यू : ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमाने, जहाजबांधणी व मोटारी या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीने जवळजवळ एकाच बांधणीची वाहने निरनिराळ्या नावांनी विकली. त्यामुळे मोटारीचे नाव आणि तिची निर्मिती यांतील संबंध समजून घेण्यासाठी या कंपनीचा इतिहास विशेष उपयोगी ठरतो.

जीवन

वालचंद यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त ते सोलापुरात स्थायिक झाले. मुंबईचे सेंट झेवियर्स व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांनी शिक्षण घेतले, परंतु पदवी मिळवली नाही. घरच्या व्यापारात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. पुढे बोरघाटातील बोगद्यांचे कामही त्यांच्या हातून झाले. १९१९ मध्ये ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यातील कळंब येथे त्यांनी उसाची शेती व साखर कारखाना उभा केला. ती वसाहत वालचंदनगर म्हणून ओळखली जाते.

मोटार कारखाना

त्या काळी भारतात मोटारींची केवळ जुळणी होत असे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत परदेशातून आलेले भाग जोडून गाड्या विकण्यास आरंभ केला होता. संपूर्ण मोटार देशातच घडवावी, अशी योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली. वालचंद यांनी ती उचलून धरली. फोर्डशी झालेली बोलणी फसली, पण क्रायस्लर या अमेरिकी कंपनीशी करार झाला. ब्रिटिश सरकारच्या असहकारामुळे काम लांबले. याच काळात, डिसेंबर १९४० मध्ये, त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली.

एक गाडी, अनेक नावे

प्रीमियरने बाजारात आणलेल्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारींत मुख्यतः दर्शनी जाळी, बोधचिन्ह व किरकोळ सजावट यांचाच फरक असे. डॉज, डिसोटो व फार्गो या मालमोटारींचीही हीच गत होती. ही रीत क्रायस्लरची होती. नवा सांगाडा, इंजिन व पत्र्याचे साचे तयार करण्यास प्रचंड भांडवल लागते. तोच खर्च तीन नावांच्या गाड्यांवर विभागला की प्रत्येक गाडी स्वस्तात पडते. शिवाय क्रायस्लरचे विक्रेते नावांनुसार विभागलेले होते आणि प्रत्येकाला आपल्या दुकानात सर्व प्रकारची वाहने हवी असत. प्रत्येकासाठी वेगळे वाहन घडवण्यापेक्षा वेगळे बोधचिन्ह लावणे कितीतरी सोपे होते.

फियाट ते पद्मिनी

पक्षाघातानंतर वालचंद १९५० मध्ये कारभारातून निवृत्त झाले. त्यानंतर लवकरच कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५३ मध्ये सरकारने देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जुळणी बंद करण्यास सांगितले. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर टिकली, कारण ती टप्प्याटप्प्याने भाग येथेच घडवत होती. फियाट ११०० ही गाडी पुढे अनेक दशके कुर्ल्यात तयार झाली. फियाटचा परवाना संपल्यावर तिला प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. नाव बदलले तरी गाडी मुळात तीच राहिली आणि मुंबईकर तिला फियाटच म्हणत राहिले. टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

१९८५ च्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीचा मूळ आराखडा फियाट १२४ चा होता. हाच आराखडा स्पेनमध्ये सिआट आणि सोव्हिएत संघात लाडा या नावांनी धावला. कंपनीची २००९ मधील रिओ ही गाडी चिनी झोट्ये कंपनीकडून आली होती, आणि झोट्येची गाडी जपानी दाइहात्सू टेरिओसवर आधारलेली होती.

शिरूर तालुक्यातील पुढील अध्याय

फियाट पुढे स्वतंत्रपणे भारतात उतरली आणि टाटा मोटर्सच्या भागीदारीत शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना उभा राहिला. काही वर्षे फियाटच्या गाड्या टाटांच्या दालनांतूनच विकल्या गेल्या. येथे तयार होणारे १.३ लिटरचे डिझेल इंजिन फियाटच्या गाडीत मल्टिजेट, तर टाटांच्या गाडीत क्वाड्राजेट म्हणून ओळखले जाई. मारुती सुझुकीने ते परवान्याने हरियाणात बनवून डीडीआयएस हे नाव दिले. एकच इंजिन असूनही गाडीची किंमत, दुरुस्तीची सोय आणि जुन्या गाडीला मिळणारा भाव मात्र प्रत्येक नावानुसार वेगळा असे.

मूल्यमापन

वालचंद यांच्या कारखान्याने परदेशी आराखडा व परदेशी नाव स्वीकारल्यामुळे त्याला स्वदेशी म्हणावे का, हा प्रश्न उपस्थित होतो. मोटारीवरील नाव ती कोण विकतो एवढेच सांगते. तिचा आराखडा कोणाचा आणि ती घडवली कोणी, या वेगळ्या बाबी आहेत. प्रीमियरला स्वतःचा मूळ आराखडा उभा करता आला नाही, ही तिची मर्यादा होय. तथापि परवाना संपून फियाटचे नाव निघून गेले तेव्हाही कुर्ल्यातील कामगार तीच गाडी घडवू शकले. जुळणीपुरत्या आलेल्या कंपन्यांनी मागे असे काही ठेवले नव्हते.