बारीक सुताचा ध्यास : जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव निघाले की पोलाद आठवते. त्यांची उमेदीची वर्षे मात्र सूतगिरणीत गेली. ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे जन्मलेल्या जमशेटजींनी १८७४ मध्ये गिरणीसाठी कंपनी स्थापली व मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस तेथेच पिकत होता. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित झाली, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून ती 'एम्प्रेस मिल'.

त्या काळी बारीक सूत म्यूल यंत्रावर निघे. त्याचा गाडा पुढे सरकताना कापसाची वात ताणून तिला पीळ देई आणि मागे येताना सूत गुंडाळी. म्हणजे निम्मा वेळ पीळ थांबलेला. रिंग यंत्रात चातीभोवती कडी असते व कडीवर तारेचा बारीक आकडा फिरतो. त्यातून जाणाऱ्या धाग्याला पीळ बसणे आणि तो गुंडाळला जाणे एकाच वेळी घडते. इंग्लंडमधील गिरण्या या यंत्राबाबत साशंक असतानाच, १८८३च्या सुमारास, जमशेटजींनी ते नागपुरात चालवून पाहिले. हा निर्णय धाडसाचा होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु यंत्राने प्रश्न अर्धाच सुटतो. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ती संख्या. काउंट जितका मोठा, तितके सूत बारीक. देशी कापसाचा तंतू आखूड, त्यामुळे त्यातून जाडेभरडे सूतच निघे आणि तलम कापडाची बाजारपेठ लँकेशायरकडे राही. ती मिळवण्यासाठी जमशेटजींनी १८८६ मध्ये कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल विकत घेऊन तिचे 'स्वदेशी' असे नामकरण केले. ही गिरणी त्यांना जवळजवळ बुडवणार होती. यंत्रे जुनाट, माल सदोष. बँकेने हात आखडता घेतला. तेव्हा त्यांनी एम्प्रेसचे स्वतःचे काही भाग विकले आणि नागपूरची निवडक माणसे मुंबईस आणली. गिरणी सावरली.

पुढे लांब तंतूचा इजिप्शियन कापूस येथेच पिकावा, म्हणून त्यांनी लागवडीचे प्रयोग केले व त्यावर पुस्तिकाही लिहिली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नौहाइम येथे ते निवर्तले. तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहायचा होता. नागपूर व कुर्ला येथील चात्या मात्र फिरत होत्या.