उपासातून वाचली, तिनं शेकडो पोरी जगवल्या

सूरजागड : झाडपाला खाऊन दिवस काढणं काय असतं, हे पंडिता रमाबाईंना ठाऊक होतं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई-वडील अन् बहीण गेली. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, पदरात वर्षाच्या आतली पोर. १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म घेतला; श्रद्धा मात्र हळूहळू मुरली.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. रमाबाई स्वतः आल्या अन् सुमारे ३०० उपाशी बायका-पोरी दौंडजवळच्या केडगावला घेऊन गेल्या. देवानं आपल्याला जगवलं, त्याचे आभार त्यांनी असे मानले. तिथं विहिरी खोदल्या, शेती केली.

१९२१ मध्ये लेक मनोरमाही गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर हातातून सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या.